विद्यापीठाचा रंगमंच कोणाचा?

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील ललित कला केंद्रात २ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी विद्यार्थ्यांचा एक नाट्यप्रयोग मध्येच बंद पाडण्यात आला. रामलीलेत कामे करणारी नटमंडळी पडद्यामागे कशी वागतात, कशी भांडतात, सोंगे चढवता-उतरवताना एकमेकांची टिंगल कशी करतात, असा त्या प्रहसनाचा विषय होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी त्यास हरकत घेतली, प्रयोग थांबवला, धक्काबुक्की झाली आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी केंद्राचे प्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक झाली. न्यायालयाने त्यांना त्याच दिवशी जामिनावर मुक्त केले. इकडे केंद्राच्या इमारतीवर भारतीय जनता युवा मोर्चाचे कार्यकर्ते चालून गेले आणि त्यांनी मोडतोड केली. या प्रसंगी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पुढे एका पोलीस उपनिरीक्षकास निलंबित करण्यात आले. विद्यापीठाने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात घडल्या प्रकाराबद्दल खेद होता, चौकशी समितीची घोषणा होती, आणि पौराणिक वा ऐतिहासिक व्यक्तिरेखांचे विडंबन सर्वथा अयोग्य असल्याचा निर्वाळाही होता.

१० फेब्रुवारी १९४९ हा या विद्यापीठाचा स्थापनादिन. म्हणजे पंच्याहत्तर वर्षे पुरी होण्यास आठ दिवस उरले असताना विद्यापीठाने आपल्याच एका विभागाच्या बाबतीत हा निर्वाळा दिला.

या घटनाक्रमात ज्यांनी काचा फोडल्या त्यांच्याविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु काचा फोडणाऱ्यांकडून कोणी फारशी अपेक्षा बाळगलेली नव्हती. ज्या संस्थेकडून अपेक्षा होती तिच्या वर्तनाची चर्चा मात्र दोन-चार दिवसांत विरून गेली. विद्यापीठाच्या आवारात कलेचे आणि मानव्यविद्यांचे जे कार्यक्रम होतात, ते विद्यापीठाला स्वतःला काय वाटतात? शोभेची वस्तू, की शिक्षण? त्या निवेदनाने या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन टाकले आहे, आणि ते उत्तर चिंताजनक आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे. रसायनशाळेत होतो तोही प्रयोग आणि रंगमंचावर होतो तोही प्रयोगच. रसायनशास्त्राचा विद्यार्थी काचपात्रात दोन द्रव्ये मिसळतो तेव्हा काय होईल हे त्याला पुरते ठाऊक नसते. कधी काचपात्र तडकते, कधी दुर्गंधी सुटते. म्हणून कोणी प्रयोगशाळेला कुलूप घालत नाही, की विभागप्रमुखास कोठडीत नेत नाही. नाट्यविभागाचा विद्यार्थी तेच करीत असतो. त्याची द्रव्ये म्हणजे समाजाच्या परिचयाची पात्रे, कथा, भाषा आणि त्यांतील विसंगती. त्याचे नाटक बेचव असू शकेल, उथळ असू शकेल, विनोद ओढूनताणून आणलेला असू शकेल. विद्यार्थ्याच्या नाटकाला वाईट असण्याचा अधिकार असलाच पाहिजे, कारण वाईट नाटके लिहून झाल्याखेरीज चांगले नाटक लिहिता येत नाही. त्याला कमी गुण देणे हे परीक्षकाचे काम, त्यावर कडक टीका करणे हे सहाध्यायांचे काम. हातकडी हा मूल्यमापनाचा प्रकार नव्हे.

१९८७ साली स्थापन झालेले ललित कला केंद्र म्हणजे कोणा हौशी मंडळींचा क्लब नाही. नाट्य, संगीत आणि नृत्य यांचे पदवीपर्यंतचे व त्यापुढचे शिक्षण तेथे रीतसर दिले जाते. सतीश आळेकर यांच्यासारख्या नाटककाराने तेथे अनेक वर्षे संचालकपद सांभाळले. तेथील विद्यार्थ्यांनी लिहिलेले आणि बसवलेले नाटक हा त्यांच्या शिक्षणाचाच एक भाग असतो. तो प्रयोग बंद पाडणे आणि परीक्षागृहात घुसून उत्तरपत्रिका फाडणे यांत तत्त्वतः अंतर नाही. उत्तरपत्रिका फाडल्या गेल्या असत्या, तर विद्यापीठाने उत्तरे लिहिणाऱ्यांच्या वतीने खेद व्यक्त केला असता काय?

पौराणिक व्यक्तिरेखांचे विडंबन अयोग्य, हे विधान तर आपल्या परंपरेची ओळखच पुसून टाकणारे आहे. तमाशातील गवळणीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात तेव्हा मावशी त्या देवाला जे सुनावते, ते ऐकून हसणारा प्रेक्षक नास्तिक नसतो. तो सकाळी त्याच कृष्णापुढे हात जोडून आलेला असतो. कोकणातील दशावतारात देव रात्रभर रंगमंचावर वावरतात, आणि ती सोंगे काढणारा नट अंगावर चढवलेल्या मुकुटासकट पडद्यामागे विडी ओढताना गावातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याने कोणाची श्रद्धा ढळली असे ऐकिवात नाही. नट आणि पात्र ही दोन असतात, हे ज्ञान ज्या शेतकऱ्याला निरक्षर असताना होते, ते विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्या पदवीधराला नसावे, ही शिक्षणाच्या प्रगतीची एक नवीच तऱ्हा म्हणावी लागेल.

परंपरेचा दाखला द्यायचाच तर मग थेट भरतमुनीपर्यंत जावे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या नाट्यप्रयोगाची कथा आहे. देवांनी दैत्यांचा पराभव केल्याचा प्रसंग त्यात दाखवला होता. ते पाहून दैत्यांच्या भावना दुखावल्या, आणि त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाचा, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. म्हणजे प्रयोग बंद पाडण्याची प्रथा प्रयोगाइतकीच जुनी आहे! त्यानंतर काय झाले, ते मात्र मोठे उद्बोधक आहे. इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना पिटाळले; पण तेवढ्याने भागले नाही. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्यास सांगितले आणि त्याच्या प्रत्येक भागाच्या रक्षणाचे काम एकेका देवतेवर सोपवले. नाट्यगृह ही वास्तू मुळात ऊनपावसापासून आडोसा म्हणून नव्हे, तर नटांच्या संरक्षणासाठी निर्माण झाली, असे हा ग्रंथ सांगतो. आणि शेवटी ब्रह्मदेवाने रुष्ट दैत्यांना बोलावून समजूत घातली, की नाट्य हे एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही, तर तिन्ही लोकांच्या भावनांचे ते अनुकीर्तन आहे. आधी संरक्षण आणि मग संवाद, असा हा क्रम आहे. नटांनाच दोषी धरून त्यांच्या वतीने खेद व्यक्त करावा, अशी सूचना ब्रह्मदेवाला कोणी केलेली दिसत नाही.

संस्कृत विभागांतून भवभूतीचे उत्तररामचरित आजही शिकवले जाते. विदर्भाशी नाते सांगणाऱ्या या नाटककाराने पाचव्या अंकात लवाच्या तोंडी रामाच्या पराक्रमाची जी उपरोधिक उजळणी घातली आहे, ती आजच्या कोणत्याही प्रहसनाला मागे टाकील. ताटका नावाच्या स्त्रीचा वध, खराशी लढताना घेतलेली माघार, वालीला मारण्यातले कौशल्य, एकही गोष्ट लव सोडत नाही. आणि ऐकणारा कोण, तर लक्ष्मणाचा पुत्र चंद्रकेतू. भवभूती रामभक्त नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पौराणिक व्यक्तिरेखेचा उपरोध निषिद्ध हा दंडक खरोखरच पाळायचा ठरला, तर विद्यापीठाला हा पाचवा अंक अभ्यासक्रमातून काढावा लागेल.

ज्या माउलीचे नाव २०१४ साली या विद्यापीठाला देण्यात आले, तिच्या घरातला इतिहासही या प्रसंगी आठवावयास हवा होता. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. भिक्षुकशाही अडाणी कुणबी जोडप्याला कशी नागवते, याचे ते झणझणीत चित्रण होते. कमिटीने ते नापसंत केले. ते नाटक छापून लोकांसमोर आले ते १९७९ साली, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. धर्मभावना दुखावते म्हणून नाटक दाबण्याची किंमत मराठी समाजाने अशी एकदा मोजलेली आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास त्या सव्वाशे वर्षांत ‘तृतीय रत्ना’सह घडला असता तर काय झाले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. त्या कमिटीच्या बाजूला सावित्रीबाईंच्या नावाचे विद्यापीठ जाऊन बसावे, याला दैवदुर्विलास एवढेच म्हणता येईल.

श्रद्धावानांच्या भावनांना काही किंमत नाही असा याचा अर्थ नव्हे. समाजवादी विचाराने जनसामान्यांच्या श्रद्धेला कधी तुच्छ लेखलेले नाही. राममनोहर लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव यांच्याविषयी केलेले चिंतन आणि त्यांनी मांडलेली रामायण मेळ्याची कल्पना सर्वश्रुत आहे. साने गुरुजींनी तर विठ्ठलाच्या देवळाची दारे उघडण्यासाठी १९४७ साली पंढरपुरात प्राण पणाला लावले. ज्याला नाटक खुपले त्याने निषेध नोंदवावा, लेख लिहावा, प्रतिनाटक करावे. हा त्याचा हक्क आहे. परंतु प्रयोग बंद पाडणे हा निषेध नव्हे, ते इतरांच्या पाहण्याच्या हक्काचे अपहरण आहे. कायदाही येथे संदिग्ध नाही. धर्मभावना दुखावण्याविषयीचे दंडविधानातले २९५ अ हे कलम १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, ते हेतुपुरस्सर आणि द्वेषमूलक अशा गंभीर स्वरूपाच्या अवमानापुरतेच. अनवधानाने वा सद्हेतूने झालेल्या कृतीला ते लागू नाही, असे न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. पुढे १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, प्रतिकूल जमावाला आवरता येत नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. ही तत्त्वे ठाऊक असलेला विधी विभाग ललित कला केंद्राच्याच विद्यापीठात आहे. त्याचा सल्ला निवेदन काढण्यापूर्वी घेतला असता तर त्यास खर्चही पडला नसता.

पुण्याचे प्रकरण एकटे असते तर ते स्थानिक दुर्घटना म्हणून सोडून देता आले असते. पण मुंबई विद्यापीठाने २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी आंदोलनाच्या दडपणाखाली कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात अभ्यासक्रमातून काढली. अनेक वर्षे शिकवले गेलेले पुस्तक जवळजवळ एका रात्रीत अयोग्य ठरले. दिल्ली विद्यापीठाने २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या विविध परंपरांवरील निबंध वगळला. तज्ज्ञांच्या चार सदस्यांच्या समितीतील बहुमत निबंधाच्या बाजूने असतानाही विद्यापरिषदेने तो वगळला, हे विशेष. आणि बडोदे! सयाजीराव महाराजांच्या नावाच्या त्या विद्यापीठात मे २००७ मध्ये ललित कला शाखेच्या वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. भारतीय कलेतील शृंगारशिल्पांची परंपरा दाखवणारे एक प्रदर्शन विद्यार्थ्यांनी त्याच्या निषेधार्थ भरवले. ते बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. त्या विद्यार्थ्याची पदवी पुढे वर्षानुवर्षे अडकून पडली. या साऱ्या ठिकाणी झुंड बाहेरची होती. पण दार आतून उघडले गेले.

दार आतून का उघडले जाते? कारण आत कोणी उरलेले नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतल्या विद्यार्थिसंघांच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाल्या. गुंडगिरीचे आणि खुनाचे निमित्त होते, आणि ते निमित्त खोटे नव्हते. परंतु रोग्यासकट रोग घालवण्याचा तो उपाय होता. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली आणि ती पुढे अनेक वर्षे कागदावरच राहिली. ज्या विद्यार्थ्यांचे नाटक बंद पडते त्यांच्या वतीने अधिकाराने बोलणारा निवडून आलेला प्रतिनिधीच नाही. प्राध्यापकांचे म्हणावे, तर मानव्यविद्यांच्या विभागांत तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक गाडा ओढत आहेत. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या आणि पुढल्या वर्षीच्या नेमणुकीची शाश्वती नसलेल्या माणसाने विद्यार्थ्यांच्या नाटकासाठी कुलगुरूंशी भांडावे, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे होईल. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हा प्रश्न असा शेवटी नोकरीच्या शाश्वतीपाशी येऊन ठेपतो. आर्थिक प्रश्न वेगळा आणि सांस्कृतिक प्रश्न वेगळा मानणाऱ्यांनी एकदा एखाद्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात तासभर बसावे.

मग विद्यापीठात कार्यक्रम होत नाहीत काय? उलट, उदंड होतात. युवक महोत्सव होतात, पारितोषिके वाटली जातात, चित्रपटनट येऊन दीपप्रज्वलन करतात. १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांची भाषा, नृत्य आणि नाट्य यांची ओळख करून घ्यावी अशी त्यामागे उदात्त कल्पना होती. आज बहुतेक ठिकाणी मंचामागच्या पडद्यावर पुरस्कर्त्यांची नावे विषयापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात, आणि आवाजाची यंत्रणा एवढी प्रचंड, की ज्यांच्यासाठी महोत्सव त्यांना एकमेकांशी बोलता येऊ नये. चर्चासत्रांची कथा याहून निराळी नाही. उद्घाटनाला गर्दी, दुपारच्या सत्रात रिकाम्या खुर्च्या आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी पुन्हा गर्दी. मूल्यांकन समितीच्या अहवालात एक रकाना भरला जातो. वर्षाचे दोन तुकडे करणाऱ्या परीक्षापद्धतीने तालमीला लागणारा निवांत वेळ गिळून टाकला आहे तो वेगळाच. महोत्सवावर खर्च करण्यास कोणी कचरत नाही, कारण महोत्सव कोणालाही अस्वस्थ करीत नाही. अस्वस्थ करणारे दोन अंकी नाटक मात्र कोणालाच परवडत नाही.

विद्यापीठांच्या कुंपणाबाहेर याहून बरे चित्र दिसते, हे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्यातील संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालवीत आली आहे. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाला पात्र नाही असा निकाल दिला. त्यावर केवढे वादळ उठले! विद्यार्थी रागावले, जुने रंगकर्मी एकमेकांवर तुटून पडले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु खुर्ची कोणी मोडली नाही, कोणाला अटक झाली नाही, आणि वाद सगळा नाटक कशाला म्हणावे याविषयी झाला. कलेविषयीचे कठोर मतही लोकशाही रीतीने देता येते आणि सोसता येते, याचा तो धडा होता.

शैक्षणिक आवारातला एक कार्यक्रम समाजाला काय देऊ शकतो, याचे सर्वांत थोर उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली, ज्यांच्या घरात अक्षर प्रथमच पोचत होते अशी मुले तेथे शिकत होती. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या शोषणाची कहाणी पुराणकाळापासून आजपर्यंत उलगडणारे ते नाटक होते. त्यातही पौराणिक व्यक्तिरेखा होत्या, आणि त्यांना न आवडणारे प्रश्न त्यांना विचारले गेले होते. विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले आणि १९५६ साली नागपूरच्या दीक्षेच्या प्रसंगी ते अफाट जनसमुदायासमोर झाले. ज्या माणसाला गावच्या रंगमंचाजवळ उभे राहण्याची मुभा नव्हती, त्याच्या मुलाने रंगमंचावरून इतिहासाला जाब विचारला. मिलिंदमधल्या या वातावरणात लेखकांची एक पिढी वाढली, आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ तेथूनच साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. दलित साहित्याच्या प्रवाहाला जे अनेक झरे मिळाले, त्यांतला एक महत्त्वाचा झरा महाविद्यालयाच्या रंगमंचाखाली होता. ‘युगयात्रे’च्या वेळी कोणी पौराणिक व्यक्तिरेखांच्या सन्मानाचे परिपत्रक काढले असते तर मराठी साहित्य किती दरिद्री राहिले असते!

या ठिकाणी समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने एके काळी गावोगाव जाऊन लोकनाट्ये केली. त्या पथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, वसंत बापट आणि लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी त्याचा संसार वाहिला, निळू फुले यांच्यासारखा नट त्यातून घडला. महाविद्यालयांत सेवा दलाची, युवक सभांची अभ्यासमंडळे चालत. हळूहळू ही जागा रिकामी केली गेली. पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. निवडणुकांच्या धबडग्यात आवारातले अभ्यासमंडळ कोणाच्या लक्षात राहिले नाही. रिकामी जागा रिकामी राहत नसते. आज त्या जागेत जे आले आहेत त्यांनी ती चोरली नाही, ती त्यांना मोकळी मिळाली. नाटक बंद पडल्यावर निषेधाचा ठराव करणे सोपे असते. नाटकाच्या पहिल्या रांगेत पन्नास माणसे आणून बसवणे कठीण असते. त्या संध्याकाळी हे पन्नास प्रेक्षक कोठे होते, हा प्रश्न पुरोगामी म्हणवणाऱ्या प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारावा.

ते प्रेक्षक येणार कोठून, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. पुणे विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे, आणि मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान असलेली वास्तू त्याच्या मध्यभागी आहे. गव्हर्नर गेले, पण कुंपणाचा स्वभाव गेलेला नाही. आसपासच्या वस्त्यांतल्या कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला, ललित कला केंद्रात आज नाटक आहे हे कळण्याची कोणतीही व्यवस्था नाही. बहिःशाल शिक्षण मंडळाची कल्पना नेमकी यासाठी होती, की व्याख्याता गावात जावा आणि विद्यापीठाचे ज्ञान विद्यापीठात न येणाऱ्यांपर्यंत पोचावे. जयकर व्याख्यानमालांनी ग्रामीण महाराष्ट्रात एके काळी चांगले काम केले. त्या मंडळाला व्याख्यानांखेरीज नाटकही नेता येईल. जुन्नर, अकोले, सिन्नर येथल्या एखाद्या हायस्कुलाच्या मैदानावर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे नाटक झाले, तर तेथला प्रेक्षक ते सोशील की नाही, याची चिंता करण्याचे कारण नाही. त्याने गवळण पाहिलेली आहे. आणि ज्या रंगमंचाच्या पाठीशी असा प्रेक्षक उभा असतो, त्यावर चढून येण्यापूर्वी झुंडीला विचार करावा लागतो.

विद्यापीठाच्या अधिसभेने आणि व्यवस्थापन परिषदेने करण्यासारखे काम मोठे नाही. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रयोगाला, प्रदर्शनाला आणि चर्चासत्राला परीक्षेइतकेच संरक्षण आहे, असा ठराव करावा. तक्रार आल्यास ती प्रथम त्या विषयाच्या तज्ज्ञांपुढे जाईल आणि विद्यार्थ्यावर खटला झालाच तर वकील विद्यापीठ देईल, अशी तरतूद त्यात असावी. संहिता आगाऊ तपासणारी समिती नेमण्याचा मोह मात्र टाळावा. अशा समितीवर पहिल्या वर्षी साहित्यिक असतात, दुसऱ्या वर्षी कुलसचिव असतात आणि तिसऱ्या वर्षी ज्यांच्या भीतीने ती नेमली तेच येऊन बसतात. आक्षेप घेणाऱ्यास पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी, नाटक शेवटपर्यंत होऊ द्यावे, आणि त्यानंतर त्याच रंगमंचावर पंधरा मिनिटे त्याला बोलू द्यावे. उत्तर देण्यासाठी नटांनी रंग न उतरवता थांबावे. या सगळ्याला लागणारा खर्च म्हणजे आणखी अर्ध्या तासाचे विजेचे बिल.